तीन नंबरची वही

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय भैय्यालालजी पटले साहेब, आपल्या अध्यापक विद्यालयाचे प्राचार्य खुशालजी कटरे सर, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो त्या ललिताताई धकाते मॅडम, सर्व प्राध्यापक, उद्या गुरुजी होणारे विद्यार्थी आणि माझ्यासारखे पालक, सर्वांना जय भीम आणि नमस्कार.

मी डोमा नंदागवळी. तुमसरच्या एका राईस मिलमध्ये एकतीस वर्षे धानाचे नमुने तपासले. पोत्यात लोखंडी परखी खुपसायची, आतले मूठभर धान काढायचे आणि वरच्या धानाशी ताडून पाहायचे. वर दिसते तेच आत असते, असे नाही. त्या कामाने माझा स्वभाव संशयी झाला. आता इतक्या वक्त्यांनी मॅडमची इतकी स्तुती केली, तेव्हाही माझ्या मनात आले, हे सगळे खरे असेल का? मला बोलायला बोलावले, त्यामागे काय हेतू असेल, याचाही मी घरी दोन दिवस विचार केला. मॅडम हसत आहेत. त्यांना माझा अनुभव आहे.

माझी मुलगी रुचिता इथेच शिकली. सहा वर्षांपूर्वी पास झाली, एका खासगी शाळेत लागली, आणि तीन वर्षांपूर्वी आठ दिवसांच्या तापात गेली. त्यावर मी अधिक बोलत नाही. ती गेल्यावर मी इथे आलो होतो. तिच्या हातची एखादी वही मिळावी, एवढेच मागणे होते. निकालानंतर जुन्या वह्या रद्दीत जातात, असे कार्यालयात सांगितले. मी परत गेलो. विश्वास बसला, असे म्हणणार नाही.

गेल्या जुलैत माझ्या भावाची मुलगी रिता इथे दाखल झाली. पहिल्याच आठवड्यात ती घरी आली आणि सांगू लागली.

"मोठेबाबा, मॅडमनं आज पाठ टाचणाच्या तीन वह्या दाखवल्या. नावावर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. म्हणे, तुम्हीच मार्क द्या, मंग मी सांगतो मले वर्षभर तुमच्यापासून काय पायजे ते."

"बरं मग?"

"तीन नंबरची वही पायली अन् मले वाटलं, हे अक्षर तं..."

"किती मार्क देल्ले पोरायनं?"

"दहापैकी तीन-चार. मी नाही देल्ले, मोठेबाबा."

"हासले का कोणी?"

"थोडेसे."

मला ते सहन झाले नाही. गेलेल्या मुलीची वही, नाव झाकून, चुका काढायला वर्गात फिरवतात? आणि मला सांगतात रद्दीत गेली? आमच्या घरच्या, रुचिताच्या आई सुमनबाई म्हणाल्या, "काहून उकरता आता? जाऊ द्या ना." मी दुसऱ्या दिवशी इथे हजर.

मॅडमनी मला पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "बसा मागच्या बाकावर. वर्ग झाला की बोलू." मला वाटले, वेळ काढत आहेत.

वर्गात अनुप नावाचा मुलगा उभा होता. आज तो समोर बसला आहे, त्याने रागावू नये. तो म्हणाला, "मॅडम, तीन नंबरमधी निस्ती खोडाखोड, काटपीट हाये. असी वही कोणी जमा करते का? माह्या बापानं हाकललं असतं घरातून." सगळे हसले. मी मुठी आवळून बसलो.

मॅडमनी ती वही उघडून वाचली. पाठ होता पाण्यातले प्राणी. रुचिताने पुस्तकातून तक्ता काढून नेला होता. त्यावर देवमासा होता, मगर होती. पाठाचा सगळा आराखडा खोडलेला, आणि खाली लिहिलेले: "मुले म्हणाली, आमच्या गावच्या बोडीत यातले काहीच नाही. झिंगे कुठे आहेत, खेकडा कुठे आहे? मला उत्तर देता आले नाही. तक्ता चुकला. मुले बरोबर होती. उद्या त्यांना बोडीच्या काठावर नेणे."

मग दोन नंबरची साधारण वही बाजूला ठेवून मॅडमनी एक नंबरची वही वर धरली. विषय तोच, पाठ तोच. चार रंगांचे पेन, पट्टीने आखलेल्या ओळी, छापल्यासारखे अक्षर. सगळ्यांनी नऊ-नऊ मार्क दिले होते. मॅडम म्हणाल्या, "या वहीत मुलं काय बोलली, ते शोधा."

वही बाकाबाकावरून फिरली. "पाठ उत्तम झाला, मुलांनी प्रतिसाद दिला," याशिवाय कोणाला काही सापडले नाही.

"मग हा पाठ खरंच झाला, हे कशावरून समजायचं?" मॅडमनी विचारले. त्या म्हणाल्या, "मला तुमच्याकडून तीन नंबरची वही पाहिजे."

ऐकायला चांगले वाटले. पण मी नमुना तपासणारा माणूस. मी मागे बसलो म्हणून तर हे नाही ना? वर्ग सुटल्यावर मी दोन्ही वह्यांची शेवटची पाने उघडली. तीन नंबरला पंचवीसपैकी अकरा. एक नंबरला तेवीस. दोन्हीखाली धकाते मॅडमचीच सही, तारखांत नऊ दिवसांचे अंतर.

मी म्हणालो, "तेव्हा अकरा, अन् आता नमुना? ती गेली म्हणून काय, मॅडम?"

मॅडमनी एक नंबरच्या वहीवरची चिठ्ठी नखाने अर्धी वर केली. खाली नाव होते, रुचिता डोमा नंदागवळी.

"ही पण तिचीच आहे," मॅडम म्हणाल्या. "मी अकरा दिले. नऊ दिवसांत तिने ही लिहून आणली. मी तेवीस दिले, आणि तिचा चेहरा पाहून मला कळलं की अकरा देताना माझंच चुकलं. पुढच्या वर्षी तिला फोन केला, दोन्ही वह्या वर्गात दाखवू का विचारलं. ती म्हणाली, दाखवा, फक्त नाव झाका. घरी कळू नये. का, ते मी विचारलं नाही."

यावरही मी लगेच विश्वास ठेवला नाही. रुचिताच्या नंतरच्या तुकडीतल्या अंकुशला फोन केला. तो आता शिक्षक आहे. तो म्हणाला, "हो काका, आमालेबी दाखवल्या होत्या. मी तीन नंबरले चारच देल्ले होते. माफ करजा." त्याच्या तुकडीला वह्या दाखवल्या, त्या जुलैत माझी मुलगी जिवंत होती. म्हणजे वही दयेपोटी नमुना झाली नव्हती.

आता जे मी त्या दिवशी मॅडमना सांगितले नाही, ते सांगतो. घरी का कळू नये, हे मला माहीत होते. अकरा मार्कांची वही रुचिताने मला दाखवली, तेव्हा मी म्हणालो होतो, "हे काय करून राहिली तू तिकडं? चांगल्या पोरीची वही आण अन् तशी उतरव. हे फाडून टाक." ती म्हणाली, "बाबा, असं झालंच नाही तं कसं लिहू?" मी म्हणालो, "तपासणाऱ्याले काय मालूम?" एकतीस वर्षे दुसऱ्यांची पोती तपासणारा माणूस आपल्या मुलीला हे म्हणाला. रंगीत पेन मीच आणून दिले. नऊ दिवस ती लिहीत होती आणि मी शेजारी बसून ओळी सरळ येतात का ते पाहत होतो. ती वही माझ्यासमोर लिहिली गेली, आणि वर्गात मला ओळखता आली नाही. त्यात तिचे काही नव्हतेच.

आणि मॅडम वर्षभर समजत राहिल्या की सगळी चूक त्यांचीच. मला ठाऊक असून मी गप्प राहिलो. संशय घ्यायला मी लगेच आलो होतो, हे सांगायला एक वर्ष लागले.

मॅडम आज जात आहेत. त्यांच्यानंतर कपाटाची किल्ली कोणाकडे राहणार? नवीन येणाऱ्यांना ही काटपीट रद्दी वाटली तर? प्राचार्य साहेब, राग मानू नका, पण माझे तुमच्या शब्दावर भागणार नाही. खरे सांगतो, मी दोन्ही वह्या घरी न्यायला पिशवी घेऊन आलो होतो. सुमनबाईंना तिचे अक्षर हवे आहे. पण नुसती तीन नंबरची ठेवून मुलांना काही कळणार नाही, शेजारी एक नंबरची लागेल. म्हणून दोन्ही इथेच राहू द्या. मला त्यांच्या झेरॉक्स द्या आणि तुमच्या सहीशिक्क्याची पोच द्या. दर जुलैत येऊन मी पाहून जाईन.

आणखी एक. नाव झाकायचे कारण आता उरले नाही. घरी कळले आहे.

मला बोलू दिले, त्याबद्दल अध्यक्षांचे आणि सर्वांचे आभार. अशा दिवशी गोड बोलावे, ते मला जमले नाही. कोणाचा अवमान झाला असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर पोटात घाला. मॅडम, वह्या समोर टेबलावर आहेत. चिठ्ठ्या तुम्ही लावल्या, तुम्हीच काढा. तोवर मी इथेच उभा राहतो.