इमानवाली

माहा जलम बिरसीचा, बाप दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबे, माय रोवण्याले जाये, अन् घरामांगं धावपट्टी, तं मी इमान नाही पाहीन तं का पाहीन? विमान आमच्या तोंडी इमानच. मास्तर छडी मारे, म्हने, इमान म्हंजे सचोटी, विमान म्हन. सन नव्व्याण्णवमधी मी सातवीत, शेळ्या चारता चारता धावपट्टीच्या कुंपनाच्या तारेजवळ कान लावून बसो. एका इंजिनचा आवाज सरका, एकसुरी जाते, दोनाचे एकमेकाच्या मांगं लागतेत, मिळतेत, सुटतेत, घुंऊं घुंऊं, का सांगू तुम्हाले, अंगावर काटा येये.

पुढं रोवण्यात मी आवाज आयकून इंजिन किती ते सांगो, तं बाया चिखल फेकून मारत, पोट्टे वरडत, इमानवाली, पंख झटक. मी म्हनो, तुमच्या डोक्यात शेन हाये, त्याले मी का करू?

मंग आमगावचे पाव्हणे पाहाले आले. माय म्हने, इमानाचं नाव काढशीन तं जीभ डागीन. चहा देल्ला, मान खाली घालून बसली, अन् नेमका वरतून आवाज आला. पोराच्या आत्याले कोनं सांगतलं होतं कोन जाने, तिनं बशी ठेवली, म्हने, काव पोरी, हे कोनतं? माय मागून चिमटा घेऊन राहिली. मले का मालूम, एवढंच म्हनाचं होतं. म्या म्हनलं, दोन इंजिनचं हाये, बाई. पोराचा काका आंगनात जाऊन आला, म्हने, एकच हाये, पोरगी पागल तं हायेच, झूटी बी हाये. उठले अन् गेले.

बापानं बैलाची काठी घेतली. म्हन, एक. दोन. म्हन, एक. दोन. काठी तुटली, मी नाही. मंग त्यानं बोलनंच सोडलं, अन् दुसरं स्थळ काही आलं नाही.

पुढं बिरसीत इमान शिकवाची शाळा आली, दिवसभर घिरट्या, अन् बाप खाटेवर पडला. इतक्या सालांनी बोलला, म्हने, बाई, आतातरी म्हन एकच होतं, माहा जीव सुटन. लई कीव आली हो. पन म्या म्हनलं, बाबा, दोन होते. त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं अन् तसाच गेला. माय म्हने, तूच खाल्लं त्याले.

आता मी अन् माय एका चुलीवर, बोलनं नाही. पोट्टे अजून इमानवाली म्हनतेत, मी ओ देतो. तुम्ही लिवून राहिले न, तं काहीबी लिवा, पागल लिवा, बापाले खानारी लिवा. पन इंजिन दोन लिवा.