एकमजली घरातली वरची खोली

कासिल्दा : आपली होसेफा जन्मली, त्याच साली राजा दरबार घेऊन माद्रिदला आला, आणि त्याच साली तुम्ही ही अक्कल पाजळलीत. रस्त्यावरून बघावं तर एकमजली, मागून बघावं तर दुमजली! आता सासूबाई वर मरून पडल्यात. खाली कशा आणायच्या?

मेलचोर : हळू बोल. शेजारी ऐकेल.

कासिल्दा : सदतीस वर्षं हळूच बोलतेय. या घरात मेल्या माणसासाठी रडायचीसुद्धा चोरी.

मेलचोर : मग काय करायचं होतं? घर दुमजली दिसलं की अर्धं दरबाऱ्याला द्यायचं, हुकूमच होता. शेजारच्या कोस्माने इमानदारीने उघड दुमजली बांधलं. आज राजाचा घरतपासणीस त्याच्या पलंगावर झोपतो, आणि कोस्मा तबेल्यात.

कासिल्दा : आणि त्या तपासणिसाचा घोडा?

मेलचोर : घोडा बैठकीत. त्याला तबेल्यात सर्दी होते.

कासिल्दा : बरं, मग काढा आईला बाहेर.

मेलचोर : जिना लपवायला कपाटाच्या आतून वर नेलाय गं, अरुंद. शवपेटी वळतच नाही.

कासिल्दा : वर न्यायची युक्ती केलीत, खाली आणायची राहिली. राजाच्या आरमारासारखं झालं! थाटात इंग्लंडवर पाठवलं, परत यायचं कुणी बघितलंच नाही.

मेलचोर : राजाला नावं ठेवू नकोस. एवढा एस्कोरियालचा महाल बांधला, आणि बिचारा आता एका कोनाड्यात आजारी होऊन पडलाय म्हणतात. कूससुद्धा बदलता येत नाही.

कासिल्दा : सासूबाई त्याच्याच वयाच्या. म्हणायच्या, "तो गेल्याशिवाय मी जात नाही. मग भर उजेडात पुढच्या दारातून निघेन."

मेलचोर : मागच्या खिडकीतून दोरीने सोडू.

कासिल्दा : कोंबड्यांच्या खुराड्यावर? स्वतःच्या आईला? अहो, जनाची नाही तर मनाची तरी!

तपासणीस : मेलचोर, दार उघड! कोण रडत होतं? वरून आवाज आला.

मेलचोर : या, साहेब. वर कुठे? वर नुसती कौलं. मांजर असेल.

तपासणीस : मांजर "सासूबाई, सासूबाई" करत होतं.

कासिल्दा : (कपाटाला पाठ लावून उभी राहते.)

तपासणीस : तुमच्या सासूबाई तर केव्हाच इयेस्कासला भावाकडे गेल्या ना? मेलचोर, तूच म्हणालास, इथे झोपायला जागा नाही म्हणून.

मेलचोर : आल्या होत्या परत. आज सकाळी. आणि गेल्या.

तपासणीस : पुन्हा इयेस्कासला?

कासिल्दा : नाही, साहेब. वारल्या.

तपासणीस : कुठे आहेत? हे कपाट उघड बघू.

(एक घंटा वाजू लागते, मग दुसरी, मग साऱ्या शहरातल्या.)

मेलचोर : आईसाठी? पण पाद्रीबाबांना अजून कळवलंच नाही!

तपासणीस : मूर्खा, टोपी काढ. राजा गेला. तो बघ स्वार, ओरडत चाललाय... पहाटे पाचला म्हणे. अरे देवा, आता नवा राजा, नवे दरबारी, सगळ्यांना खोल्या हव्यात! मी निघतो. कपाट उद्या उघडेन.

कासिल्दा : गेला. पहाटे पाचला म्हणाला ना?

मेलचोर : हो. आणि आई?

कासिल्दा : चांगलं उजाडलं होतं. दूध मागितलं, चाखून बघितलं, पाणी घातलंय म्हणाल्या आणि मान टाकली.

मेलचोर : म्हणजे जिंकली की म्हातारी.

कासिल्दा : हातोडा आणा. कपाट फोडा, मागची भिंतही फोडा.

मेलचोर : खोली जाईल, कासिल्दा. उद्या घोडा इथे येईल.

कासिल्दा : येऊ दे. बघते तरी, जिना कसा चढतो. पण आज आधी त्या निघतील, पुढच्या दारातून.

मेलचोर : बरं, सरक बाजूला. आणि कोस्माला हाक मार, खांदा द्यायला. चांगली मोठ्याने मार.

कासिल्दा : कोस्माभाऊ! अहो कोस्माभाऊ! आमच्या मेन्सिया सासूबाई गेल्या हो. आज रविवारी, तेरा सप्टेंबर पंधराशे अठ्ठ्याण्णव, उजाडल्यावर. आमच्या वरच्या मजल्यावर.