ती बाई ओरडत का नाही

परवा आम्ही ऑफिसातल्या तिघी दुपारच्या खेळाला एक भयपट बघून आलो. एकट्या बाईच्या घरात चोर घुसतात, अशी गोष्ट. नंतर चहा पिताना मी म्हटलं, “सगळं ठीक, पण ती बाई एकदाही ओरडत नाही, हे काही पटलं नाही.”

बिबवेवाडीची सुनंदा म्हणाली, “मला पटलं.”

“का गं?”

“गेल्या वर्षी भर दुपारी आमच्याकडे दोघं आले. गॅसचा पाइप तपासायचाय म्हणाले. आत आल्यावर एकाने दार लावलं आणि सुरा काढला.”

“आणि तू ओरडली नाहीस?”

“सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. ओरडले असते तर त्या बाहेर आल्या असत्या. मग मीच हळू आवाजात कपाटाची किल्ली कुठे आहे ते सांगितलं. हातातल्या बांगड्याही काढून दिल्या. संध्याकाळी सासूबाईंना म्हटलं, पॉलिशला दिल्यात.”

मी विचारलं, “त्यांना अजून माहीत नाही?”

“मी सांगितलेलं नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही,” सुनंदा म्हणाली. “पण त्या दिवसापासून त्या दुपारच्या झोपत नाहीत. दाराजवळ खुर्ची घेऊन बसतात.”