झाकणाचा अर्ज

उघड्या गटारात पडून पाय मोडलेले मास्तर झाकणाचा अर्ज घेऊन नगरपालिकेच्या रांगेत उभे होते. पुढे खिडकीशी शिलाईवाल्या मावशी कारकुनाशी हुज्जत घालत होत्या.

“आमच्या बोळात एक दिवा लावा हो, साहेब.”

“दिव्याला निधी नाही, मावशी.”

“मग चौकातल्या कमानीला चाळीस दिवे लागले ते?”

“तो सुशोभीकरणाचा निधी. तो संपता संपत नाही.”

“मग आम्हालाही कमानच द्या. लहानशी. एका दिव्याची.”

कारकुनानं डोकं खाजवलं. “कमान बसेल. द्या अर्ज.”

मास्तरांनी पेन काढलं, ‘झाकण’ खोडलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘आमच्या रस्त्यावर एक शिल्प बसवावे. लोखंडी, गोल, सपाट. खाली भोक तयार आहे.’