पहारा काढणार नाही

—नाही साहेब, मी बंद केलं नाही, नेटवर्कच्या स्विचनं केलं, आणि बरोबर केलं. चौकशीला आलात ना, मग आधी तेवढं लिहा. मोठ्या सर्जनसाहेबांच्या खोलीतलं नेटवर्क सव्वाअकराला गेलं — का गेलं? त्यांनी घरून एक छोटा स्विच — एका वायरीच्या चार वायरी करणारा डबा — आणला, कोणाला न विचारता भिंतीतल्या सॉकेटला जोडला. एक वायर मोकळी लोंबत होती, बरं दिसेना म्हणून तिची दोन्ही टोकं त्याच डब्यात खुपसली. झालं. आता आमचा मोठा स्विच दर दोन सेकंदांनी प्रत्येक पोर्टातून, म्हणजे वायर खोचायच्या प्रत्येक खाचेतून, निरोप सोडतो — मी स्विच आहे, पलीकडे कोण? कॉम्प्युटर असला तर तो गप्प बसतो. इथं निरोप डब्यात गोल फिरून उलट आमच्याच दारात आला. आणि खोल्यांच्या पोर्टांवर मी पहारा लावलाय — असा निरोप आत आला की ते पोर्ट तिथल्या तिथं बंद. एक खोली तुटते, हॉस्पिटल चालू राहतं.

ते म्हणाले, माझ्या खोलीपुरता पहारा काढा. मी म्हटलं, डबा काढा, दोन मिनिटांत पोर्ट चालू करते. चारचौघांत म्हटलं, हो — नर्सेस होत्या, तुमचे अधीक्षकही होते. उद्धट लिहा, शिरजोर लिहा, मला काय. खोलीपुरता म्हणे! आग काय खोलीपुरती लागते?

एवढा हट्ट कशाला, असंच मनात आलं ना तुमच्या? दोन वर्षांपूर्वी इथलं सगळं नेटवर्क चाळीस मिनिटं बसलं होतं — अहवालात 'कारण अज्ञात' लिहिलंय. अज्ञात कसलं! नोंदणीच्या खिडकीवर माझी नणंद बसते. तिनं असाच एक डबा लावला होता, पोर्ट सारखं बंद व्हायचं. म्हणाली, "वहिनी, घरच्या माणसासाठी एवढंही नाही करणार?" — केलं. काढला पहारा. आठवड्यानं तिथली साफसफाई करताना कोणीतरी सुटलेली वायर परत खोचली, चुकीच्या जागी, आणि तेच निरोप गरगर फिरून असे वाढले की लॅबचा एक आकडा वर जाईना. वर प्रसूतीच्या खोलीत एक बाई, रक्त थांबेना, आणि रक्ताचा रिपोर्ट खाली अडकलेला. लॅबमधली मुलगी कागद मुठीत धरून चार जिने धावली. बाई वाचली — त्या मुलीच्या पायांनी वाचली, माझ्या अकलेनं नाही. मी तळघरात एकेक वायर उपटून बघत होते. सापडली ती नणंदेच्याच खिडकीची. कोणाला बोलले नाही — नणंदेलाही नाही, नवऱ्यालाही नाही. मग तीनशे बारा पोर्टं माझ्या हातानं तपासली, सवलत एकालाही नाही ठेवली.

का थांबलात? लिहा की. हे सांगायला बसले नव्हते मी, पण गेलं तोंडातून, आणि गेलं ते खरं आहे. पेन द्या इकडे, सही करते. मला काढलंत तर काढा — येईल त्याच्या हाती पासवर्ड देईन आणि त्यालाही हेच बजावीन. नणंदेच्या शब्दाला एकदा भुलले, तुमच्या शिक्क्याला भुलायची नाही.

आता उठा. मला वॉर्डातलं नेटवर्क बघायला जायचंय, माणसं खोळंबलीत — आणि जाताना दार ओढून घ्या.