लेखिका आल्या का?

(वाचनालयाच्या सभागृहामागची चहाची खोली. दोघी बहिणी.)

थोरली: आधी तो ट्रे खाली ठेव.

धाकटी: हळू बोल ना ताई. बाहेर ऐकू जाईल.

थोरली: जाऊ दे. पुस्तक तुझं, कार्यक्रम तुझ्या पुस्तकाचा, आणि तू चहा वाटत फिरतेयस?

धाकटी: त्या संयोजकांनी दारातच विचारलं, लेखिका आल्या का? मी म्हटलं, बघते हं. मग त्यांनी ट्रेच हातात दिला.

थोरली: बघते? कुठे बघणार होतीस, आरशात?

धाकटी: तोंडातून निघून गेलं. डोळ्यांच्या दवाखान्यात दिवसभर तेच चालतं ना माझं. डॉक्टर आले का? बघते हं.

थोरली: आणि पत्रिकेवर तुझा फोटो का नाही?

धाकटी: मागितला होता. मीच दिला नाही. एक पुस्तक लिहून कोणी लेखिका होतं का?

थोरली: मग किती लागतात? डझनावर मिळतं का ते? अगं, पहिल्या दिवशी बसमध्ये चढले तेव्हा मी तरी कुठे कंडक्टर होते? पण "तिकीट" म्हणून ओरडले, तर लोकांनी निमूट पैसे काढले.

धाकटी: तुझ्याकडे गणवेश होता. इथे सगळे एकमेकांच्या ओळखीचे. एकाने अर्धं वाक्य बोलावं, दुसऱ्याने पुरं करावं. माझं काय काम त्यांच्यात?

थोरली: संताप येतो मला तुझा. त्यांनी हाकलायच्या आधी तूच बाहेर जाऊन उभी राहतेस.

संयोजक: मावशी, दुसऱ्या रांगेत दोन चहा राहिलेत.

थोरली: मावशी? केस तुमचे पिकलेत.

धाकटी: ताई, गप्प. देते हं, सर.

संयोजक: लेखिकाबाईंचा काही पत्ता नाही. असो, त्यांची गोष्ट आमचे अध्यक्ष सरच वाचतील आता. त्यांच्या आवाजाने जरा वजन येईल. भाषा तशी साधीच आहे. शेवटही त्यांनी थोडा सुधारून घेतलाय.

धाकटी: सुधारून म्हणजे?

संयोजक: म्हाताऱ्याच्या डोळ्यांची पट्टी सोडतात, त्याला काहीच दिसत नाही, आणि तो ढसाढसा रडतो. सभागृह हलेल बघा.

धाकटी: तो रडत नाही.

संयोजक: अं?

धाकटी: तो म्हणतो, "चला, उठून दिवा मालवायची कटकट मिटली."

संयोजक: हो, ते आहे मूळ पुस्तकात. पण सरांना ते वाक्य जरा हलकं वाटलं. काढलं.

धाकटी: काढलं? कोणाला विचारून? त्या वाक्यासाठी तर अख्खी गोष्ट लिहिली. बायको शेजारी बसलीय त्याची. तिने रडू नये म्हणून बोलतो तो. इतकंही कळलं नाही तुमच्या सरांना?

संयोजक: पण तुम्ही... लिहिली म्हणजे... अहो, मॅडम, माफ करा. मी ओळखलंच नाही.

धाकटी: मीही नव्हतं ओळखलं, ते जाऊ द्या. पण त्या म्हाताऱ्याला कोणी रडवायचं नाही.

संयोजक: सर माइकजवळ उभे राहिलेत. आता त्यांना काय सांगू?

धाकटी: सांगा, बसून घ्या. मी वाचते.