डबीतली अर्धी मोहीम

हॅलो?… हं, बोल ताई… लायब्ररीत, अजून कुठे असणार. काउंटरवर आहे, बोल… बाबांची खोली? आजच आवरायला घेतलीस?… बरं. भावोजी आलेत का खोकी घेऊन?… कपड्यांना हात लावू नका, त्याला मी येईन… चष्मा राहू दे तिथेच… काय सापडलं?

कुठे होती?

गादी आणि भिंतीच्या फटीत… हो, हातात धरून खेळायची गेमचीच डबी ती. मी आणून दिलेली… ताई, तिच्यावर लाल दिवा आहे का? वरच्या कडेला… नीट बघ, नुसता लागलाय की लुकलुकतोय?

बंद करू नकोस. ताई, हात काढ त्या बटणावरून… काढलास?… अगं ऐक ना, पडदा काळा आहे म्हणून बंद वाटते. बंद नाहीये ती, झोपवलेली आहे. आत बाबांचा खेळ अर्धा चालू आहे… हो, त्यांनी ठेवला तसाच. तेव्हापासून… टिकते गं बॅटरी, झोपेत फार खात नाही. पण आता संपत आलीये, म्हणून तर दिवा लुकलुकतोय.

थांब जरा. काका, काउंटर बघाल का? बहिणीचा फोन आहे… हो, घरचंच… हं, आले आत, मासिकांच्या खोलीत. आता बोल.

आधी चार्जर शोध. काळा, रुंद तोंडाचा. टेबलाच्या खालच्या खणात वायरींची पिशवी आहे ना, त्यात… काय?… सगळी पिशवीच?… भंगारवाल्याला कधी दिलीस?… काल.

नाही, रागावले नाही… तुला कसं कळणार होतं… तुझ्या फोनचा लावून बघ. उलटा करून बघ… नाही ना. वाटलंच… शेजारी विचारून उपयोग नाही. ही डबी कोणी घेतलीच नाही फारशी. थांब, दुकानाला विचारते. इथल्या फोनवरून लावते, तू ठेवू नकोस हं. दिव्याकडे बघत राहा.

…हॅलो, साहेब, मागे तुमच्याकडून गेमची डबी नेली होती, त्या अंतराळातल्या लढाईच्या खेळाबरोबरची… हो, तीच, तुम्ही 'नक्की घेताय ना' असं विचारलं होतं… नाही, परत करायची नाहीये. चार्जर हवा होता… मागवायला आठवडा लागेल?… आज कोणाकडे, एखाद्या गिऱ्हाइकाकडे?… बरं… नाही, ठीक आहे. ठेवते.

ताई?… आहेस ना. नाही मिळत… दिवा?… अजून लुकलुकतोय. जोरात?… मी निघाले तरी दोन बस बदलायच्या. पोचेपर्यंत नाही राहायची ती.

नवी घेऊन काय करू गं? डबी नकोय मला. या खेळात मधेच सेव्ह होत नाही. या खेळाचे आधीचे तिन्ही भाग आम्ही टीव्हीला जोडून खेळायचो, त्यांत कुठेही थांबता यायचं, यात त्या शहाण्यांनी तेच काढून टाकलं. लढाई संपवून आपल्या मोठ्या जहाजावर परत उतरलात, तरच नोंद होते. त्याआधी बॅटरी गेली की मोहीम पुसली. बाबांनी हाताने उडवत जिथवर आणलंय, ते सगळं.

हो, भिकारच आहे. मी कधी चांगला म्हटलं? बाबांनी पहिल्याच संध्याकाळी निकाल लावला होता. 'हे लढाऊ जहाज आहे की लादलेली हातगाडी?' म्हणे. तारे म्हणजे भिंतीवर उडालेला चुना. आणि बरोबरचे वैमानिक, जे आधी इतके बोलायचे, ते या भागात मुके. 'रुसलेल्या जावयासारखे नुसते मागून येतात'… भावोजींना नको सांगूस… स्पीकरवर आहे? मग आधी सांगायचंस ना… भावोजी, तुम्हाला नाही म्हणाले ते. म्हणजे, मला तरी नाही वाटत.

हसू नकोस. दिवा बघ.

ताई, अख्खा जन्म गोदीतल्या क्रेनवर काढलेला माणूस तो. दोन दांडे हातात घेऊन घराएवढा कंटेनर असा टेकवायचे, की खाली उभ्या माणसाला वळून बघावं लागायचं, टेकला का म्हणून. त्या हातात या डबीने चण्याएवढा खुंटा दिला. त्यात हात थरथरायचा शेवटी शेवटी. सगळी लढाई जिंकायचे आणि उतरताना दारात आपटायचे. की पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणायचे, 'द्या, मी उतरवते.' देतायत कशाला.

हो… त्याच दिवशीचं आहे हे. मंगळवारचं. दुसऱ्या दिवशी पहाटे तर तुला फोनच केला मी, बाबा गेले म्हणून. पण मंगळवार अगदी नेहमीसारखा होता गं. मी कामावरून गेले, चपला काढतानाच त्यांचं सुरू, 'ये, आज गंमत बघ, सगळे पाडलेत, आता फक्त उतरायचंय.' मी ताट वाढलं. म्हटलं, गार होतंय. 'गार जेवून कोणी मेलेलं नाही अजून.' तरी ठेवली डबी. म्हणजे बघ, ठेवत नसत कधी. जेवताना शेजारच्या नळाच्या आवाजाबद्दल बोलले. लोणचं मागितलं, मी दिलं नाही, डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. एवढंच. मी निघाले तेव्हा म्हणाले, 'उद्या उतरू.' मी दार ओढून घेतलं.

…आहे मी. इथेच आहे.

तू उतरवणार?… ताई, तू गजर बंद करायला जातेस आणि फोन बंद करून बसतेस… नाही, चेष्टा नाही… बरं, उघड तर. कडेचं लांबट बटण, एकदाच… उजळली?… काय दिसतंय?… मधे पांढरी चौकट, बरोबर, खेळ थांबवलेला आहे. तिच्या मागे?… काळं, आणि लांब एक राखाडी ठोकळा. तेच आपलं मोठं जहाज, उतरायचं ते. त्याला पिवळं दार आहे, दिसतंय?… केवढं?… नखाएवढं. म्हणजे खूपच जवळ आणलं होतं त्यांनी.

एक सेकंद थांब. मला विचार करू दे.

नाही… नको. उतरवायचं नाही. तुझा हात हलला तर भिंतीवर आपटेल, आणि शेवटचं ते व्हायला नको. नाही हलला तरी… त्यांनी ठेवलंय तिथेच राहू दे… हो, माहितेय, नाहीतरी जाणारच आहे. मला कळतंय ते, ताई. मला सगळं कळतंय, म्हणून तर.

काय म्हणालीस?… खरंय. दुसरं काही बोलायचोच नाही आम्ही. तू म्हणायचीस ना, बापलेक भेटले की सैन्याची बैठक वाटते. दवाखान्यातून रिपोर्ट घेऊन आलो, तरी रिक्षात आम्ही बोलतोय काय, तर दुसऱ्या भागातली तोफ चांगली की तिसऱ्यातली. त्यांनी रिपोर्टचं विचारलं नाही. मीही…

आणि हे बघ, टीव्हीवर निदान दोघांना खेळता यायचं. ते जहाज चालवायचे, मी मागची तोफ. दर मंगळवारी जायला निमित्त होतं. या भागात दोघांचा खेळच ठेवला नाही. मला करण्यासारखं काही उरलंच नाही. तरी जातच राहिले. दोन बस बदलून जायचे आणि त्यांच्या खांद्यावरून तेवढासा पडदा बघत बसायचे, मान अवघडेपर्यंत. का येते, ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. दोघंही त्या खेळाला शिव्या देत बसायचो.

रडू नकोस गं. तू रडलीस तर मला बोलता नाही यायचं… भावोजींना म्हणावं पाणी द्या तिला.

ऐक. एक काम कर. उजव्या कडेला लहानसं चाक आहे, आवाजाचं. पूर्ण वर… आता 'सुरू ठेवा' वर दाब आणि डबी गादीवर ठेव. खुंट्याला हात नको. काही होणार नाही, कोणी शत्रू उरलाच नाहीये, जहाज नुसतं तरंगत राहील… ठेवलीस? आता फोन तिच्याजवळ धर. अजून जवळ… आणि थोडा वेळ बोलू नका कोणी.

…येतोय. इंजिनाचा आवाज. पत्र्याच्या डब्यात माशी अडकल्यासारखा. किती टीका केली होती त्यांनी याच्यावर.

बाबा.

बाबा, खेळ वाईटच आहे. त्यात वाद नाही… पण मी खेळायला येत नव्हते. तोफही मला कधी नीट जमली नाही, तुम्हाला माहीत होतं ते. मला तुमच्या शेजारी बसायला आवडायचं. त्यासाठी यायचे मी. इतकी वर्षं त्यासाठीच.

…ताई, आवाज थांबला का?

…बरं. फोन काढू नकोस. तसाच राहू दे तिथे.

बाबा, मला अजून बसायचं होतं.